मनकर्णाची मोकळी मान

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन झाले आणि हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे निजामाच्या काळातल्या हिंगोलीकडच्या माणसाचा कागदोपत्री माग काढायचा झाला, तर आधी परभणीची दप्तरे उघडावी लागतात आणि तिथे उर्दू लिपी व फसली सन ही निजामी महसुली कालगणना यांच्याशी गाठ पडते. डोंगरकड्याच्या मनकर्णा या धनगर बाईचे नाव मात्र अशा कोणत्याही सरकारी दप्तरात अद्याप आढळलेले नाही. ते आढळले एका शिक्षिकेच्या खासगी वहीत.

या शिक्षिकेचे नाव मलिकाबी. त्या हिंगोलीतल्या मुलींच्या एका लहान शाळेत शिवण शिकवत. त्यांचे माहेर डोंगरकड्याचे. वही त्यांचे भाचे मोहियोद्दीन यांच्या घरी राहिली आणि त्यांनीच ती ओळ न ओळ वाचून दाखवली. वहीत बहुतेक पानांवर मुलींची हजेरी, बटणे, कापडाचे तुकडे अशा गोष्टी आहेत. परंतु फसली १३५३च्या दै महिन्यापासून फरवरदीपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४४ या काळात, मधूनच एक निराळी नोंद डोकावू लागते. ‘पाठ, सोळा आंगळे.’ ‘पाठ, एकवीस आंगळे. माशाअल्ला.’ कुणाच्या तरी विणकामात स्वेटरची पाठ किती वाढली, याची बोटांच्या रुंदीने घेतलेली ही मापे आहेत. आणि त्यांच्यामध्येच, ८ फरवरदीच्या तारखेखाली, दोन छोटी वाक्ये: ‘आज मनकर्णाने केस कापले. आता होईल.’

नवरा जिवंत असलेल्या, खेड्यात राहणाऱ्या एका बाईने १९४४ साली केस कापले आणि त्याची नोंद करणारी दुसरी बाई हळहळत नाही, उलट तिला धीर आलेला आहे. काय व्हायचे होते, आणि केस कापल्याने ते कसे होणार होते?

उत्तर सखुबाईंनी दिले. सखुबाई म्हणजे मनकर्णाचा नवरा दगडोबा याची धाकटी बहीण. त्या वेळी त्यांचे वय सोळा-सतरा असावे. २००९ साली त्यांच्याकडून ही हकीकत दोनदा, सहा महिन्यांच्या अंतराने ऐकून उतरवून घेतली. दोन्ही वेळच्या सांगण्यात जिथे फरक पडला, तिथे पुढे तसे म्हटले आहे. यातली बोलणी त्यांच्याच तोंडची आहेत.

मनकर्णा त्या वेळी विशीची होती. घरात शे-सव्वाशे काळ्या मेंढ्या. कळपामागे चालता चालता टकळीवर लोकर कातणे हे धनगराच्या बाईचे रोजचे काम. कातलेली लोकर पुढे घोंगडी विणणाऱ्याकडे जाई. दिवाळीच्या सुट्टीत मलिकाबी माहेरी, आपली आई खतीजाबी हिच्याकडे आल्या होत्या. मनकर्णा त्यांच्या घरी दूध घालायला गेली, तेव्हा मलिकाबी ओट्यावर बसून दोन सुयांवर पांढऱ्या लोकरीचे काहीतरी विणत होत्या. मनकर्णा चरवी घेऊन तिथेच उकिडवी बसली.

“आपा, ह्याला ताणा कुठं हाय?”

“ताणा नक्को, बाणा नक्को. एक धागा, दो सुया. बस.”

“एकाच धाग्याचं आख्खं कापड?”

“आख्खं.”

“अन् धागा तुटला तर?”

“तर रडत बसते मी,” असे म्हणून मलिकाबींनी सुया तिच्या हातात दिल्या. चरवीतले दूध त्या दिवशी नासले, हे सखुबाईंनी दोन्ही वेळा सांगितले.

संध्याकाळी दगडोबाने वेळूच्या दोन काड्या तासून, काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केल्या. तीन दिवसांत मनकर्णा सुलट आणि उलट टाके घालू लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण मेंढ्या मोजायची सवय होती. टाकेही ती विसांनी मोजी; दर विसाला ओटीतला एक खडा उजवीकडून डावीकडे सरकवी. मलिकाबींच्या शाळेतल्या मुली पाटीवर टाके मांडत आणि तरी चुकत, असा एक शेरा वहीत आहे.

मनकर्णाला बसून विणता येईना. बसले की हात थांबत. जन्मभर ती चालत कातत आलेली होती, म्हणून ती चालतच विणू लागली. लोकरीचा गुंडा ओटीत. तिथून धागा उजव्या खांद्यावरून वर, मानेमागून फिरून डाव्या खांद्यावरून खाली सुयांवर. बसून विणणाऱ्या बाया धागा बोटाभोवती गुंडाळून ताणून धरतात. तिचा धागा मानेवर ताणला जाई आणि दोन्ही हात मोकळे राहत. टाका इतका सारखा पडे की मलिकाबींनी लिहिले, ‘माझ्या मुलींपेक्षा दुप्पट वेग.’ दुप्पट हा शब्द कौतुकाचाही असू शकतो. पण वहीतली मापे तपासली, तर सुट्टीतल्या पहिल्या आठवड्यात पाच आंगळे आणि दुसऱ्या आठवड्यात नऊ आंगळे काम झालेले दिसते. तेव्हा शब्द सोडला तरी वेग खोटा नाही.

मलिकाबींच्या लोकरीतून तिने पहिला स्वेटर गावच्या उकंडरावांच्या नातवासाठी विणला. उकंडराव मोठे जमीनदार, हौशी माणूस. स्वेटर घरी गेला, लेकराच्या अंगात चढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव स्वतः धनगरांच्या वाड्यावर हजर झाले. हातात काठी, काठीच्या टोकाला स्वेटर, आणि काठी अंगापासून हातभर लांब.

“मनकर्णे, हे काय हाय?”

“स्वेटर हाय, मालक. तुमचाच.”

“ह्याच्या आतलं इचारून राहिलो मी.”

किनारीच्या चार-पाच ओळींत एक लांबच लांब काळा केस विणला गेला होता. पांढऱ्या लोकरीत तो रेघ ओढल्यासारखा दिसत होता. बाईचा केस दुसऱ्याच्या कपड्यात सापडला, की तो करणीचाच, अशी त्या भागात समजूत होती, आणि उकंडरावांच्या घरातल्या बायकांनी सकाळपासून लेकराची तीनदा दृष्ट काढली होती.

“करणी करायची आसती तर एवढं तीन आठवडे इणत बसले आसते का, मालक?” मनकर्णा म्हणाली. “एक केस उशीखाली ठिवला की काम झालं आसतं.”

उकंडरावांना हसू आले, पण काठी काही खाली आली नाही. “मला पटतंय गं. घरात न्हाई पटत. घे हे परत, अन् केसाचं बघ काहीतरी.”

केस कुठून येतो, हे कळायला वेळ लागला नाही. अंबाडा मानेवर टेकलेला, आणि खालून धागा सतत सरकत असलेला. लोकरीचे तंतू केसाला धरून ओढत आणि सुटलेला केस धाग्याबरोबर थेट सुईवर जाई. ज्या मानेने तिला वेग दिला होता, तीच मान आता काम बिघडवत होती.

एवढ्यावर गोष्ट थांबली असती, तर मनकर्णाने हसून सोडूनही दिले असते. पण त्याच सुमारास मलिकाबींचा निरोप आला. शाळेत विणकाम शिकवायला बाई हवी होती, आणि मलिकाबींनी मनकर्णाचे नाव सुचवले होते. शाळेच्या मोठ्या उस्तानींनी, म्हणजे मुख्याध्यापिकेने, नमुना मागवला. मनकर्णाने वीतभर रुंदीची पट्टी विणून पाठवली. ती परत आली. तिच्यात तीन केस निघाले होते. सोबत अट आली: फरवरदीच्या पंचवीस तारखेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, एक पूर्ण बाह्यांचा स्वेटर, पायमोज्यांचा एक जोड आणि लहान लेकराचे एक टोपडे समक्ष आणून दाखवावे, शाळेतर्फे तीन बाया तपासतील; एकही केस निघाला, तर पुन्हा विचार होणार नाही.

मनकर्णाला ही जागा का हवी होती? सखुबाईंना हा प्रश्न विचित्र वाटला. “तिला हवी व्हती म्हून हवी व्हती,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी भर घातली. “वैनीचे हात कवाच कुणी बघितले नव्हते. आपांनी तेवढे हात बघितले. हिंगोलीच्या पोरी उस्तानी म्हनतील, असं रातंदिस बोलून राहायची. मेंढ्यांस्नीच ‘बसा गं पोरींनो’ म्हनायची.”

पायमोजे आणि टोपडे लहान कामे होती. ती तिने बसून, धागा बोटाला गुंडाळून, कशीबशी पुरी केली. केस निघाले नाहीत, पण त्याला सबंध बहमन, म्हणजे डिसेंबर महिना आणि वर काही दिवस गेले. स्वेटरची पाठ तशीच बसून सुरू केली, तेव्हा आठवड्याला दोन-अडीच आंगळ्यांवर काम जाईना आणि टाके कुठे सैल, कुठे आवळ पडू लागले. वहीत इसफंदारच्या, म्हणजे फरवरदीच्या आधीच्या महिन्याच्या, शेवटच्या दिवशी नोंद आहे: ‘पाठ, सात आंगळे. या चालीने ईदपर्यंतही नाही.’

मग मनकर्णा पुन्हा चालू लागली आणि केस बांधायच्या युक्त्या सुरू झाल्या. डोक्याला घट्ट फडके बांधले, तर धाग्याने फडकेच ओढून मानेवर आणले. पदर दोनदा गुंडाळला, तर धागा पदरावरून सरकेना आणि टाका तुटण्याइतका ताणला जाई. सखुबाईंनी तेल लावून वेणी डोक्यावर बांधली. तेल लोकरीला लागले आणि सबंध एक बोटभर काम पिवळे पडले. ते उसवावे लागले. धाग्याला उघडी, कोरडी मान हवी होती. फरवरदीचे सात दिवस सरले होते. अठरा उरले होते.

तो मेंढ्या कातरायचा हंगाम होता. नदीवर धुऊन आणलेल्या मेंढ्या वाड्यात उन्हाला उभ्या होत्या आणि दगडोबा एकेकीचे पाय बांधून लोखंडी कातरीने लोकर उतरवत होता. सखुबाई सांगतात, माघी पौर्णिमा नुकतीच झाली होती. ८ फरवरदी हा दिवस सुमारे १० फेब्रुवारी १९४४ला येतो आणि त्या वर्षीची माघी पौर्णिमा त्याच सुमारास पडते. पासष्ट वर्षांनंतरची आठवण आणि वहीतली तारीख एका-दोन दिवसांच्या आत जुळतात, असे क्वचितच होते.

मनकर्णा सुया ओटीत खोचून नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली.

“माझे केस कापायचेत.”

दगडोबाने मान वर केली नाही. “किती?”

“मान मोकळी व्हईल एवढे. सगळे.”

आता त्याने वर पाहिले. सखुबाई म्हणतात, कातर उघडीच राहिली आणि मेंढी अर्धी काळी, अर्धी उघडी तशीच ओरडत राहिली.

पहिल्यांदा ते दोघे खेमा न्हाव्याकडे गेले. खेमा दगडोबाचा जुना ओळखीचा. त्याने वस्तरा, कात्री, आरसा, सगळे धोकटीत भरून धोकटीवरच बसकण मारली.

“दगडू, तू जिता हायस ना?”

“बघ की चिमटा घेऊन.”

“मंग तू जिता असताना तुझ्या बायकोच्या केसाला मी कात्री लावू? उद्या तुला ताप आला तर गाव मला इचारील. बाईच्या डोक्याला न्हाव्याचा हात कवा लागतो, ठाऊक न्हाई तुला?”

इथे एक शंका नोंदवणे भाग आहे. विधवेचे केस उतरवण्याची चाल धनगरांत सर्रास होती, असा पुरावा मिळत नाही. ती मुख्यतः वरच्या समजल्या जाणाऱ्या घरांतली. मग खेमा कशाला भ्याला? सखुबाईंना हे विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “आमच्यात नसंल, पर खेमा सगळ्यांच्या घरी जायचा. त्यानं जे बघितलं, त्येचंच भ्या त्याला.” हे पटण्यासारखे आहे.

दगडोबा मनकर्णाला घेऊन परत निघाला. वाड्यात आल्यावर त्याने अर्धी राहिलेली मेंढी आधी पुरी केली, तिला सोडून दिले, कातर राखेने घासून धुतली आणि दगडावर लावली. मग मोकळ्या झालेल्या पोत्यावर हात आपटून म्हणाला, “ये. बस.”

“तुमी?”

“मी जिता असताना कुणी कापायचे न्हाईत, हेच म्हनून राहिला ना खेमा? मंग मीच कापतो. मी जिताच हाय. सगळ्यांस्नी दिसू दे.”

“अवं, पर कातर मेंढराची.”

“डोई बी तशीच हाय. पाय बांधू का?”

“बांधा. मंग सांच्याला भाकरी कोन थापील, मेंढी?”

भर दुपारी, उघड्या वाड्यात, रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत त्याने तिचा अंबाडा सोडला. कंबरेपर्यंत केस आले. त्याने ते मुठीत धरले आणि मेंढीच्या पाठीवर चालवतो तसे, खालून वर, लांब हात घेत कातर चालवली. चार-पाच हातांत काम झाले. बाजारात निघालेल्या दोन बाया थांबल्या. एकीने तोंडाला पदर लावला. उकंडरावही तिथून चालले होते. पहिल्या वेळी सखुबाईंनी ते घोड्यावर होते असे सांगितले, दुसऱ्या वेळी पायी.

“दगडोबा, ही कातरणी किती पायल्यांची लोकर देती रे?” उकंडरावांनी विचारले.

“मालक, ही न्हाई द्यायची. तुमच्या नातवाच्या स्वेटरात आधीच देऊन बसली.”

उकंडरावांनी नकळत आपली काठी दुसऱ्या हातात घेतली आणि मोठ्याने हसले. त्या हसण्याने रस्त्यावरच्या बायांचेही हसू सुटले. कुणाला काही वाईट बोलायचे असलेच, तर ते तिथेच राहून गेले.

मनकर्णाने डोक्यावरून हात फिरवला. केस चार बोटे उरले होते. तिने मान उजवीकडे-डावीकडे वळवली. “गार लागतंय,” ती म्हणाली. मग ओटीतला गुंडा काढला, धागा मानेमागून घेतला, सुया हातात धरल्या आणि वाड्याला एक फेरा घातला. दुसरा घातला. धागा कातडीवरून पाण्यासारखा सरकत होता. तिसऱ्या फेऱ्यात ती जवळजवळ पळू लागली आणि कातरलेल्या मेंढ्या तिच्या मागे पळू लागल्या. “वैनीच्या तोंडातून नुसतं ‘सुलट, सुलट, सुलट’ निघून राहिलं व्हतं,” सखुबाई सांगतात, “आन् दादा पोत्यावर बसून हसून हसून लोळून राहिलेला.”

मलिकाबींना त्याच दिवशी ही बातमी कशी कळली, हे कोडे नाही. त्या दिवसांत त्या आईच्या आजारपणामुळे डोंगरकड्यातच होत्या. त्यांनी मनकर्णाला पाहिले, तिच्या मानेवरून पाठीमागून बोट फिरवले आणि म्हणाल्या, “हाय गे अल्ला, नवऱ्याने कापले? बराबर कापले. आमच्या दर्जीला नाही येत अस्से.”

त्यानंतरच्या नोंदी वाचताना वहीचा सूरच पालटतो. ‘पाठ, एकवीस आंगळे.’ ‘पाठ पुरी. केस नाही.’ ‘पुढचा भाग, तेरा.’ ‘गळा घातला.’ काही ठिकाणी एकाच दिवसात दोन नोंदी आहेत, सकाळची आणि संध्याकाळची. ज्वारी निघालेल्या रानांतून मेंढ्या चरत जात, सखुबाई त्यांच्यामागे, आणि त्यांच्याही मागे मनकर्णा सुया चालवत. बांधावर मलिकाबी येऊन उभ्या राहत आणि चालत्या मनकर्णाला थांबवून स्वेटरवर बोटे टेकवत. एका जागी शाईचा मोठा थेंब पडला आहे आणि शेजारी फक्त ‘वा’ असे लिहिले आहे.

या घाईतच चूक झाली. अठरा फरवरदीला दोन्ही बाह्या तयार झाल्या. मनकर्णाने दगडोबाला बोलावले.

“हात घाला.”

“घातला.”

“आणखी आत घाला.”

“अडकला की. कोपरापाशी.”

बाही मनगटापासून दंडापर्यंत एकाच रुंदीची झाली होती. वर जाता जाता टाके वाढवायचे, हे मलिकाबींनी सांगितले होते. पण मनकर्णाने मेंढ्यांच्या हिशेबाने दर ओळीला ठरलेले विसे मोजले आणि कळप जसा रोज तेवढाच भरला पाहिजे, तसे टाकेही तेवढेच भरवले. एकही टाका कमी होऊ नये, या काळजीत ते वाढवायचे राहून गेले. सखुबाई रडायला लागल्या. मनकर्णाने बाहीचे टोक धरले आणि ओढले. सरसर बाही उसवली. दुसरीही तिने त्याच दमात उसवली.

“येडी झाली का वैनी? सात दिस ऱ्हायले!”

“दोन बाह्या पाच दिसांत झाल्या. आता रस्ता ठाऊक हाय.”

नव्या बाह्यांसाठी तिने खडे बदलले. रोजचे पांढरे खडे ठरलेल्या विसांचे, आणि त्यांच्याबरोबर काळे खडे, नव्याने वाढलेल्या टाक्यांचे. “कळपात कोकरं झाली,” असे ती दर वेळी काळा खडा टाकताना म्हणे.

२४ फरवरदीला पहाटे मलिकाबींच्या भावाची बैलगाडी निघाली. गाडीत मलिकाबी, सखुबाई आणि मनकर्णा. दुसऱ्या बाहीचे आठ आंगळे अजून बाकी. गाडीत चालता येत नव्हते. कळमनुरीपर्यंत मनकर्णा गाडीच्या मागे पायीच चालली, सुया चालवत. गाडीवान मागे वळून पाहायचा आणि बैल हळू करायचा. “हळू काहून करून राहिला, भाऊ? चाल की बिगीबिगी,” ती ओरडायची. कळमनुरीच्या पुढे एका झाडाखाली तिने शेवटचे टाके बंद केले. बाह्या जोडायला मलिकाबी बसल्या आणि मनकर्णा गाडीत आडवी होऊन तत्काळ घोरू लागली. रात्री हिंगोलीला मलिकाबींच्या घरी मुक्काम झाला.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास शाळेच्या ओसरीवर पांढरी चादर अंथरली गेली. तपासायला तिघी होत्या: मोठ्या उस्तानी, शाळेला जागा देणाऱ्या घरची एक बाई, आणि स्वतः मलिकाबी. पायमोजे झटकले, काही नाही. टोपडे उलटे केले, काही नाही. स्वेटर उजेडाला धरला, आतून बाहेर केला, बोटांनी टाका टाका चाचपला. मोठ्या उस्तानींचे बोट काखेतल्या शिवणीपाशी थांबले. त्यांनी चिमटीने धरून ओढला आणि एक केस चादरीवर ठेवला.

मलिकाबींनी मान खाली घातली.

मनकर्णा ओसरीच्या पायरीवरून उठली. चादरीजवळ आली, केसाकडे पाहिले आणि डोक्यावरचा पदर मागे टाकला. मलिकाबी आणि सखुबाई सोडल्या, तर तिथल्या बायांनी तिचे डोके तोवर पाहिले नव्हते. शाळेला जागा देणाऱ्या बाईच्या तोंडून “या अल्ला” निघाले.

“मोजा,” मनकर्णा म्हणाली.

मोठ्या उस्तानींनी केस सरळ करून चादरीवर ताणला. कोपरापासून बोटांपर्यंत भरून उरला.

“आता माझा मोजा. चार बोटं. एक बी जास्त न्हाई. अन् शिवण कालची हाय. ह्यो कुनाचा हाय मला ठाऊक न्हाई, माझा न्हाई. ज्येचा आसंल, त्यानं घेऊन जावा.”

मग मलिकाबींचा हात नकळत आपल्या ओढणीकडे गेला. शाळेला जागा देणाऱ्या बाईचाही गेला. आणि मोठ्या उस्तानींनी चष्म्याशेजारी लोंबणारी आपली एक बट घाईने कानामागे सारली. तिघींनी एकमेकींकडे पाहिले आणि ओसरीवर असे हसू फुटले की वर्गातल्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. वहीत त्या दिवशीची नोंद नऊ शब्दांची आहे: ‘एक केस निघाला. मापला. तिचा नाही. मनकर्णाला मंजूर केले.’

विणकामाचा वर्ग पुढच्या महिन्यात, अर्दीबेहेश्तमध्ये सुरू झाला. चौदा मुलींची नावे आहेत. मनकर्णाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना अंगणात उभे केले, धागा मानेमागून घ्यायला लावला आणि फिरायला सांगितले. मोठ्या उस्तानींनी हरकत घेतली. महिनाभराने ती मागे घेतली. मुली अंगणात गोल फिरत विणत आणि मोठ्याने खडे मोजत, असे सखुबाईंनी पाहिले आहे. दगडोबाने तोवर कळप हिंगोलीच्या बाजूला आणून गावाबाहेर पाल टाकले होते आणि सखुबाई भावाबरोबर तिथेच असत.

येथपर्यंतचा भाग वही आणि साक्ष अशा दोन वाटांनी जुळतो. पुढचा जुळत नाही. फसली १३५६च्या आबान महिन्यापर्यंत, म्हणजे सप्टेंबर १९४७पर्यंत, विणकामाच्या वर्गात मनकर्णाचे नाव दिसते. त्यानंतरची पाने वहीत आहेत, पण विणकामाचा वर्ग त्यांत नाही. त्या वेळच्या निजामी राज्यातल्या तणावाच्या वातावरणाकडे बोट दाखवून कारण सांगणे सोपे आहे; पण मलिकाबींनी ते लिहिलेले नाही आणि सखुबाई त्याआधीच लग्न होऊन कुरुंद्याला गेल्या होत्या. वर्ग बंद पडला, की मनकर्णा निघून गेली, की तिला काढण्यात आले, हे माहीत नाही. चौदा मुलींपैकी कुणी पुढे विणत राहिली का, हेही कळलेले नाही. मनकर्णाचे माहेर, जन्मसाल आणि मृत्यूची तारीख मिळालेली नाही. तो स्वेटर शेवटी कुणाच्या अंगात गेला, याचीही कुठे नोंद नाही.